फ्लॅशबहादूर

लोणावळ्याची हवा पेन्शनरास मानवते अशी पूर्वापार समजूत असल्यामुळे, तुंगार्लीच्या बाजूस बंगली बांधून राहिलेल्या सेवानिवृत्त गृहस्थांची तेथे वाण नाही. आणि त्यांच्या सायंकाळच्या बैठकीत गुडघेदुखीचा एक जाणकार, राजकारणाचा एक जाणकार आणि छायाचित्रणाचा एक जाणकार हटकून असतोच. यांपैकी तिसरा, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावर तुऱ्यासारखा स्वतंत्र फ्लॅश मिरवणारा जो पुरुष, त्यास मी फ्लॅशबहादूर म्हणतो. पदवी सरकारदत्त नसली तरी दिमाख रावबहादुराचाच.

फ्लॅश घेताना दुकानदारास तो एकच सवाल करतो: गाइड नंबर किती? या अंकास छिद्राच्या एफ-अंकाने भागले असता आयएसओ 100 वर प्रकाश किती मीटर पुरेल ते निघते; म्हणजे अंक 60 आणि छिद्र एफ/4 असेल, तर पंधरा मीटर. परंतु हा 60 चा आकडा बहुधा फ्लॅशचे झूम 200 मिलिमीटरवर नेऊन, प्रकाशाचा झोत पार निमुळता करून मिळवलेला असतो, ही मखलाशी बारीक टायपात छापलेली असल्यामुळे चष्मा घरी विसरलेल्या आमच्या बहादुराच्या नजरेस ती पडत नाही, आणि पंधरा मीटरांचा मुलूख आपण सनदेनिशी खरेदी केला अशा समजुतीने तो दुकानाची पायरी उतरतो.

त्याचा सिद्धांत एकच आहे, आणि न्यायाने बोलावयाचे तर तो बिनतोड आहे. प्रकाश माणसाच्या तोंडावर थेट मारू नये, फ्लॅशची मान वर करून तो छतावरून परतवून घ्यावा, म्हणजे नाकाची सावली गालावर पडत नाही आणि कपाळ तेलकट दिसत नाही. फक्त त्यास छत लागते, ते पांढरे लागते व बेताच्या उंचीचे लागते, या तिन्ही अटींची दखल घेण्यास तो तयार नसतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात, जेथे लाकडी बरगड्यांची कमान सुमारे पंचेचाळीस फूट उंचावर आहे आणि भोवतालचा काळवंडलेला कातळ पडेल तो प्रकाश गिळून बसतो, तेथेही तो मान वर करून क्लिक करतो, आणि काळाठिक्कर फोटो पाहून बॅटरीवाल्याच्या सचोटीविषयी शंका घेतो. टायगर पॉइंटवर तर, डोक्यावर आभाळाखेरीज काही नसताना, मी त्याला आभाळावरून प्रकाश परतवताना पाहिले आहे. सहा महिने थांबला असता तरी तो परतला नसता.

पावसाळ्यात तेथे धुके दाटले की बहादूर सिद्धांत गुंडाळून समोरासमोरच्या लढाईस उतरतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होत असल्यामुळे हातभर अंतरावरील जलबिंदू लखलखून उठतात, आणि दहा पावलांवर उभी असलेली धर्मपत्नी चुन्याने सारवलेल्या भिंतीमागे अंतर्धान पावते. “अहो, मी आहे का यात?” एवढेच ती माउली विचारते. राजमाचीस वळवाच्या सुमारास काजव्यांचे नर माद्यांना खुणावीत असता मध्येच साठ गाइड नंबरचा हा प्रणयी उपटला, त्याविषयी मी लिहीत नाही.

परंतु बहादुराचे खरे रणक्षेत्र म्हणजे लग्नमंडप. वडगावच्या एका लग्नात ठरवून आणलेल्या तरुण फोटोग्राफरने दोन बाजूंस छत्र्या लावून दोन दिवे तैनात केले होते, आणि ते दुसरा फ्लॅश चमकला की त्याच्या इशाऱ्यावर आपणही उडणारे, स्लेव्ह जातीचे होते. गुलामाला धन्याची पारख नसते. बहादुराने अंतरपाटापासून जे बार सुरू केले, त्या प्रत्येकास ते दिवे इमानाने उडून मुजरा करू लागले, आणि नेमक्या ‘सावधान’ला, अक्षता हवेत असताना, तरुणाने बटण दाबले तेव्हा दोन्ही रिते होऊन कुंई कुंई करीत पुन्हा भरत होते.

“काका, तुम्ही मारला का माझं दोन्ही लाइट उडत्यात, आन् मी मारतो तवा रिकामं!”

“टीटीएलवर ठेव, बाळ,” काकांनी उपदेश केला.

तो पोरगा मावळचा, सबब गनिमी काव्यात मुरलेला. “काका, तुमच्यासारखा जाणता माणूस हितं पायजे,” असे म्हणून त्याने बहादुरास वधूच्या डाव्या अंगास, चौकटीच्या किंचित बाहेर, अदबीने उभे केले; “दोन्ही हात मागं घ्या” अशी विनंती करून कॅमेरा आपसूक कामातून घालवला; आणि आपल्या फ्लॅशची मान वळवून सारा प्रकाश काकांच्या इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर सोडला. प्रकाशाचा उगम जितका विस्तीर्ण, तितकी छाया मृदू, हा नियमच आहे. आणि पेन्शनीत विस्तारलेल्या त्या उदरावरून परतलेल्या उजेडात वधूचे मुख असे काही उजळले, की तो फोटो पुढे स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागला.

बहादूर आल्यागेल्यास तो दाखवतात आणि परावर्तित प्रकाशाचा सिद्धांत आपण वडगावात रुजविला असे सांगतात. फोटोत आपण स्वतः नाही, ही तक्रार मात्र त्यांनी वधूपित्याकडे रीतसर गुदरली असून ती अद्याप विचाराधीन आहे.