नानांचं बिऱ्हाड

मराठी घराला कासव नवीन नाही, फक्त आपलं कासव हलत नाही. देवळाच्या सभामंडपात ते दगडाचं असतं, दिवाणखान्यात पाण्याच्या ताटलीत पितळेचं. दोघांनाही खाणं लागत नाही, वर दिवा लागत नाही आणि मुख्य म्हणजे त्यांच्या अंगाखाली किडे होत नाहीत. लेकीच्या हट्टापायी आमच्या लेस्टरच्या घरात आलं ते तिसऱ्या प्रकारचं. हरमन जातीचं, कूळ भूमध्य समुद्राकाठचं, जन्म मात्र इंग्लंडातला. रानातली अशी कासवं पकडून इथे विकायला आणण्यावर 1984 पासून बंदी आहे, त्यामुळे ते स्वतःचं सरकारी प्रमाणपत्र घेऊनच घरात शिरलं. लेकीनं नाव ठेवलं नाना, कारण पानाचा आधी मान लांब करून वास घ्यायचा, मग नाराजीनं ते खायचं, असा त्याचा शिरस्ता.

नानांना उघडी लाकडी पेटी केली, वर दिवा लावला. प्रश्न आला जमिनीचा. दुकानात जमिनी हारीनं मांडलेल्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या कासवाच्या जिवावर उठणाऱ्या. देवदाराच्या भुशाचा वास आपल्याला छान वाटतो, पण त्यातली तेलं कासवाच्या श्वासाला बाधतात. कॅल्शियमची रंगीत वाळू खाण्याबरोबर पोटात जाऊन आतड्यात अडकते. अक्रोडाच्या कवचांचा चुरा टोकदार. वर्तमानपत्रावर पाय घसरतात, आणि उकरायचं म्हटलं तर नानांनी काय अग्रलेख उकरायचा? सगळं फिरून उत्तर निघालं ते फुकटातलं वाटावं असं: खत न घातलेली साधी माती, थोडी धुतलेली वाळू आणि नारळाचा भुसा, चांगला वीतभर खोल.

हा भुसा विटेच्या आकारात दाबून विकतात. पाण्यात टाकली की वीट फुगून बादलीभर होते. तिची किंमत गुहागरला आईला सांगितली तेव्हा फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, “सोडणं विकत घेतलीस? अगं, आम्ही ती न्हाणीच्या चुलीत घालतो!”

ही जमीन खालून ओलसर ठेवावी लागते. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2003 मध्ये आफ्रिकी कासवांच्या पिल्लांवर अभ्यास केला, तेव्हा कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर जास्त उंचवटे आले. म्हणजे ओल हवीच. आणि ओल आली की पाहुणे आले.

एके सकाळी माती चालताना दिसली. आता मराठी बाईला किडे दिसले की हात आपोआप सुपाकडे जातो. तांदळातले सोंडे, रव्यातली जाळी, डाळीतले पोरकिडे यांच्याशी आपल्या पिढ्यानपिढ्या लढल्या आहेत. आईनं लगेच तोफखाना काढला: कडुलिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, शेवटी “उन्हात घाल ती माती.” गोळ्या विषारी, आणि लेस्टरमध्ये ऊन हा अफवेचा विषय. नानांच्या डॉक्टरीणबाईंनी तर पहिल्याच वाक्यात बजावलं की कुत्र्यामांजरांची फवारणी जवळ आणायची नाही, आणि आयव्हरमेक्टिन कधीच नाही. गुराढोरांना चालणारं हे औषध कासवाचा जीव घेतं.

मग म्हणाल्या, आधी पाहुणे ओळखा. काडीनं डिवचल्यावर टुणकन उडालं तर ते स्प्रिंगटेल. त्याच्या पोटाखाली दुमडलेला काटा असतो, तो सुटला की स्वारी हवेत. खातं बुरशी आणि कुजलेला पाला, नानांकडे ढुंकून पाहत नाही. उडत नाही, नुसतं रांगतं आणि पाय आठ, तर तो माइट, म्हणजे शेतकरी ज्याला कोळी म्हणतात त्याच गोतातला. मातीतले बहुतेक माइट उरलंसुरलं खाऊन जगतात. ते फार वाढले तर समजायचं, मालकीण सुस्त आहे. मातीवर चिलटं घोंगावली तर पाणी जास्त झालं. फक्त मानेच्या किंवा पायाच्या घडीत काही चिकटलेलं दिसलं, गोचीड वगैरे, तर डॉक्टरांकडे जायचं. बाकी उपाय मोलकरणीचे: शिळी पानं रोज काढा, माती खालीवर करा, वरचा थर सुकू द्या, पाणी खालच्या थरालाच पोचेल असं घाला. फारच झालं तर माती बदला.

आमच्या शेजारच्या गल्लीतल्या दुकानात मात्र स्प्रिंगटेल डबीत भरून विकतात. लोक ते पैसे देऊन नेतात आणि मुद्दाम मातीत सोडतात, बुरशी खायला. गुहागरला हे अजून कळवलेलं नाही.

कासव आणि माती यांवरून आठवलं, इंग्लंडातलं सर्वांत नावाजलेलं कासव टिमथी. गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याची आत्या 1780 मध्ये वारली आणि तिचं कासव त्याच्या सेलबोर्नच्या बागेत आलं. हिवाळ्याआधी ते किती संथपणे जमीन उकरून स्वतःला पुरून घेतं, हे त्यानं बारकाईनं लिहून ठेवलं. लोक गांडुळांना बागेचे शत्रू समजत तेव्हा गांडुळांची बाजू घेणाराही हाच माणूस, म्हणून त्याचं कासवाचं निरीक्षण मला जास्त पटतं. टिमथी ही बाई होती हे मात्र तिच्या मरणानंतर कळलं. तिचं कवच लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात आहे. नानांच्या बाबतीतही अजून आम्ही ठामपणे काही बोलत नाही.

हे वाचून महाराष्ट्रात कुणाला कासव पाळावंसं वाटलं, तर कृपा करून पितळेच्याच कासवावर थांबा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, 2022 च्या दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत गेलं, आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणी “वास्तूला चांगलं असतं” म्हणून विकायला आणलं, तर घेऊ नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.