सही कोणाची आणायची?

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जाच्या तळाशी पालकाच्या सहीसाठी जागा असते. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला आमदार निवडता येतो, बँकेत खाते उघडता येते, ठेकेदाराच्या फॉर्मवर सही करून रांजणगावच्या प्रेस शॉपमध्ये नाइट शिफ्ट मारता येते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसायचे म्हटले की मात्र बापाची सही हवी. बाप सही द्यायला तयार नसेल तर? बाप कुठे आहे हेच माहीत नसेल तर? ‘शिकायचंय ना, मग तुझ्या जिवावर शीक’ असे सांगून त्याने दार लावून घेतले असेल तर? या प्रश्नांचे उत्तर अर्जात नाही, माहितीपत्रकात नाही आणि खिडकीपलीकडे बसलेल्या क्लार्ककडेही नाही.

अशी मुले शिरूर आणि दौंड तालुक्यांत शोधावी लागत नाहीत. नाइट सुटायच्या वेळेला कारेगावात नगर रस्त्याच्या कडेला उभे राहा. कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्यांत बीड, लातूर, परभणी, नांदेडकडची कितीतरी पोरे दिसतील. बारावी झाली, घरून पैसे येणार नाहीत हे कळून चुकले आणि गावातला कोणी आधीच इथे कामाला लागलेला होता, त्याच्या ओळखीने आली. चार-सहा जणांत एक खोली, डबा लावलेला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेल्या बॅगेत बी.कॉम.ची पुस्तके. भीमेच्या बाजूला गेलात तर कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत हेच. केडगावकडच्या गुऱ्हाळांवर हेच. दौंड जंक्शनच्या बाहेर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या हॉटेलांत काउंटरला बसलेला पोरगाही बघा, समोर वही उघडी असते.

निकाल लागला की यांच्यातल्या एखाद्याचा फोटो पेपरात येतो. रात्रपाळी करून पहिला आला, शाल-श्रीफळ, पुढाऱ्याचा हात खांद्यावर. त्या मुलाचे कौतुक व्हायलाच हवे. माझी तक्रार त्या फोटोच्या चौकटीबाहेर राहिलेल्यांसाठी आहे. त्याच्याबरोबर त्याच खोलीत राहून दुसऱ्या सेमिस्टरला कॉलेज सोडलेली पोरे कोणी मोजली का? ती आळशी नव्हती. त्यांना हजेरीने पाडले, फीने पाडले, झोपेने पाडले. एकाच्या जिद्दीचा सत्कार करून आपण उरलेल्यांची जबाबदारी झटकतो, आणि हे दर जून महिन्यात करतो.

आता सरकारी कागद बघा. महाराष्ट्रात शिकणाऱ्यांसाठी योजना कमी नाहीत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जुलै 2024 मध्ये शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले, हा मोठा निर्णय होता. पण यांतल्या बहुतेक योजनांचे दार एकाच किल्लीने उघडते: कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला. शुल्कमाफीला मर्यादा वर्षाला 8 लाख. कुटुंबाचे, म्हणजे बापाचे.

लग्नाला नाही म्हटले म्हणून घरातून पैसे बंद झालेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. बाप बागायतदार, वर नोकरीही. उत्पन्न 9 लाख. त्यातला एक रुपया तिला मिळत नाही, पण कागदावर ती 9 लाखांच्या घरातली. ती सकाळी शिकवण्या घेते, संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभी राहते आणि पूर्ण फी भरते. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीला फी माफ, कारण तिच्या वडिलांचे उत्पन्न 7 लाख आहे आणि ते तिला महिन्याला पैसेही पाठवतात. त्या मुलीला मिळते ते योग्यच आहे. अन्याय या मुलीवर होतो.

2018 मध्ये राज्याने अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत 1 टक्का आरक्षण दिले. आईबाप नसलेल्या मुलाची दखल घेतली गेली. आईबाप असून पाठीशी नाहीत, त्यांच्यासाठी मात्र रकाना नाही.

उत्पन्न कमी असलेल्याचीही सुटका नाही. गेवराईच्या पोराला दाखला गेवराईच्या तहसीलचा लागतो. ज्या घराशी बोलणे तुटले त्या घरातून रेशन कार्ड आणायचे, वडिलांचे आधार आणायचे, सेतू केंद्राच्या रांगेत थांबायचे. कामावर दोन खाडे पडतात. ठेकेदाराकडे खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला आणि महिन्याचा हजेरी बोनस असेल तर तोही गेला. एवढे करून महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज भरला, तरी रक्कम कित्येकदा वर्ष सरत आल्यावर खात्यात येते. कॉलेज फी आधी मागते. आणि निर्वाह भत्त्यासाठी भाडेकरार जोडायचा, तर खोलीमालक करार करून देत नाही.

मग बँकेचे शैक्षणिक कर्ज? तिथे नेहमीच्या पद्धतीत पालक सहकर्जदार लागतो. म्हणजे पुन्हा तीच सही. जामीनदाराशिवाय कर्ज देणारी पीएम विद्यालक्ष्मी योजना केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केली, पण ती रँकिंगवरून निवडलेल्या संस्थांसाठी, मंजुरीच्या वेळी 860. तालुक्याच्या गावातल्या साध्या बी.कॉम.वाल्याला तिचा उपयोग नाही.

आणि सगळ्यांत जास्त खुपते ते हे. 2024 मध्येच राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. हात धरून काम शिकवायचे आणि वर पैसे द्यायचे, कल्पना चांगली. अट काय, तर उमेदवाराचे शिक्षण चालू नसावे. बारावीनंतर कॉलेज सोडलेल्याला सरकार 6 हजार देते. तेच काम करत कॉलेज न सोडणाऱ्याला काही देत नाही. ही अट ज्यांनी लिहिली त्यांनी एकदा कारेगावात मुक्काम करावा.

‘कमवा आणि शिका आहे की,’ असे कोणी म्हणेल. आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत दिवसाला जास्तीत जास्त तीन तास काम. मोबदला बरीच वर्षे ताशी 45 रुपये होता, नंतर 55 झाला. तीन तासांचे 165. महिन्यात 25 दिवस काम मिळाले असे धरले तरी 4,125 रुपये. यात खोली भागेल किंवा डबा भागेल, दोन्ही नाही. कॉलेजला मिळणाऱ्या जागा मोजक्या. ज्याला घरून थोडे येते त्याला या योजनेचा आधार होतो. ज्याला काहीच येत नाही तो रांजणगावलाच जातो.

कर्मवीरांनी काय केले होते ते आठवावे. 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग उभे राहिले, सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. घरून धान्य आणू न शकणाऱ्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, भिंती बांधत आणि शिकत. 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही याच पायावर. तिथे काम, जेवण, छप्पर आणि वर्ग या चारही गोष्टी एकाच हाताखाली होत्या. कामाच्या वेळेमुळे तास बुडत नव्हता, कारण वेळापत्रक करणारा माणूस एकच होता. आज आपण नाव कर्मवीरांचे ठेवले आणि चारातली एक गोष्ट, तीही तीन तासांपुरती, देऊ केली.

दौंड तालुक्याला तर याहूनही जवळचा वारसा आहे. केडगाव स्टेशनजवळ पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही आहे. रमाबाईंकडे ‘घरची मदत’ म्हणावी असे काहीच उरले नव्हते. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला. पदरात लहान मुलगी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी ‘स्त्री धर्म नीती’ लिहून छापले आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून इंग्लंडचे तिकीट काढले. तिथे वाँटेजच्या मठात राहण्याजेवण्याच्या बदल्यात भारतात येणार असलेल्या भगिनींना मराठी शिकवले. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवत स्वतः शिकल्या. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. ऐकू कमी येत असल्याने ते राहिले.

पण रमाबाईंचे मोठेपण मला पुढच्या कामात दिसते. ‘मी एकटीने केले, तुम्हीही करा’ असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला आले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि त्यांना केडगावच्या माळावर वसवले. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, दुग्धशाळा, छापखाना उभा केला. मुलींनी छपाईचे खिळे जुळवले, पुस्तके छापली, बांधली. रमाबाईंच्या धर्मांतरावरून तेव्हा वादळ उठले आणि आजही त्यावर वाद घालणारे आहेत. त्यांनी तो जरूर घालावा. पण घर नसलेल्या मुलीला काम आणि अक्षर एकाच छपराखाली देण्याची व्यवस्था दौंड तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी झाली होती, हे खोडता येत नाही. कोणत्याही मुलीकडे पालकाच्या सहीचा कागद नसताना झाली होती.

आज आपल्याकडे रांजणगावची पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे, कुरकुंभ आहे, सणसवाडी-शिक्रापूरच्या कंपन्या आहेत. शिरूरला चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आहे, दौंडला कॉलेजे आहेत. कारखाना आणि कॉलेज एकाच रस्त्यावर, आणि एकमेकांशी बोलत नाहीत. कंपनी दर आठवड्याला शिफ्ट फिरवते: फर्स्ट, सेकंड, नाइट. कॉलेजला 75 टक्के हजेरी हवी. फर्स्टच्या आठवड्यात पोराचे सगळे तास बुडतात, सेकंडच्या आठवड्यात दुपारचे प्रॅक्टिकल जाते, नाइटच्या आठवड्यात तो वर्गात असतो पण डोळे मिटलेले. अंतर्गत गुण प्राध्यापकांच्या हातात, आणि ‘अनियमित’ असा शिक्का पडलेला.

नव्या शैक्षणिक धोरणात तर ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट आहेत. दोन वर्षे असेंब्ली लाइनवर उभ्या राहिलेल्या मुलाला कॉलेज सांगते, कुठल्यातरी फर्मचे पत्र आण आणि ट्रेनिंग कर. तेही बहुधा बिनपगारी. त्यासाठी तो पगाराची नोकरी सोडणार का? त्याच्याकडे गेटपास आहे, पगाराची स्लिप आहे, पीएफचा नंबर आहे. तेच ट्रेनिंग आहे. क्रेडिट देऊन टाका.

मुक्त विद्यापीठ आहे ना, असा सल्ला देणारेही भेटतात. 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने लाखो नोकरदारांना पदवी दिली, त्याबद्दल आदरच आहे. पण विसाव्या वर्षी वर्गात बसावे, सरांना प्रश्न विचारावा, गॅदरिंगला नाटकात काम करावे, असे त्या पोरालाही वाटते. घरची माणसे पाठीशी नाहीत एवढ्यावरून वर्गाबाहेर काढावे, असा गुन्हा त्याने केलेला नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत आणि कोणाकडे ते नाव घेऊन सांगतो. उच्च शिक्षण विभागाने अठरा पूर्ण झालेल्या, दोन वर्षे स्वतःच्या कमाईवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतंत्र घटक धरावे. उत्पन्नाचा दाखला त्याच्या स्वतःच्या पगारावर, तो राहतो त्या तालुक्याच्या तहसीलमधून मिळावा. खोटे दाखले निघतील ही भीती खरी आहे, पण पीएफची नोंद आणि बँकेचे खाते तपासले की खरेखोटे कळते. कौशल्य विकास विभागाने युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली ‘शिक्षण चालू नसावे’ ही अट खोडावी. विद्यापीठाने नोकरीचे क्रेडिट मान्य करावे. रांजणगाव-कुरकुंभच्या कंपन्यांनी सीएसआरमधून शाळांच्या भिंती रंगवल्या, चांगले केले. आता कॉलेजचे ओळखपत्र दाखवणाऱ्या पोराला सेमिस्टरभर एकच शिफ्ट द्यावी. यासाठी पैसा लागत नाही, एचआरच्या एका ई-मेलने होते. प्राचार्यांनी पालकाच्या सहीच्या जागी विद्यार्थ्याची स्वतःची सही चालवून घ्यावी.

आणि कारेगाव, ढोकसांगवी, कुरकुंभ, शिरूर, दौंडच्या खोलीमालकांनो, तुमच्याकडे शिकणारा भाडेकरू असेल तर त्याला भाडेकरार करून द्या. त्या कागदावर त्याचा वर्षाचा भत्ता अडलेला असतो.