रात्री दीड वाजता वाजलेल्या घंटेचा खुलासा

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप काका व काकू यांस,

परवा रात्री दीड वाजता काकांच्या मोबाइलमधून ‘टिंग टाँग’ वाजलं, काका ‘यार्री?’ म्हणून ओरडले आणि पलीकडून एक माणूस इंग्रजीत काहीतरी बोलला. त्याचा खुलासा करायला मी फोन केला, तर ‘झोपू दे आता’ म्हणून काकूंनी तो ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तो माणूस चोर नव्हता. आमच्याकडे दुपारचे चार वाजले होते आणि तो खोकं घेऊन आमच्या दारात उभा होता.

सगळ्याचं मूळ काकूंच्या कांदा-लसूण चटणीत आहे. तुमचं पार्सल आलं त्या दिवशी आई खाली तळघरात टीव्ही बघत होती, मी माडीवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि बेलचा डबा मधल्या मजल्यावर, स्वयंपाकघराबाहेर. आणणाऱ्यानं बटण दाबलं, वाट बघितली, चिठ्ठी चिकटवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी गोदामात जाऊन पार्सल सोडवून आणलं. तिथल्या बाईनं ते दोन बोटांत धरून हात लांब करून दिलं. चटणी चांगलीच मुरली होती.

निपाणीत असं झालं असतं का? आपल्या घराला बेल होती, खरं वाजवत कोण होतं? ‘आक्का, हायसा काय?’ बोळाच्या तोंडाशीच सुरू व्हायचं आणि माणूस उंबऱ्यापर्यंत पोचेतो आधण ठेवलेलं असायचं. तरी काकांनी एक बेल सोप्यात आणि दुसरी परड्यात लावली होती, ते आठवलं. तेव्हा स्टूल धरायला मीच होते. यजमान म्हणाले, इलेक्ट्रिशियनला बोलावू. मी म्हटलं, तंबाखूच्या वखारींचं वायरिंग करणाऱ्या माणसाची मी पुतणी आहे. इलेक्ट्रिशियनचा दर कळल्यावर त्यांनाही ते पटलं.

कॅमेऱ्याची नवी बेल आणली आणि तळघरासाठी घंटेचा दुसरा डबा. दारातलं जुनं बटण उघडून पहिल्यांदा काय केलं असेल? तुम्ही दिलेला टेस्टर लावला. पेटेना. दुसऱ्या वायरीला लावला, तरी पेटेना. म्हटलं, लाइनच मेली. मीटरनं मोजलं तेव्हा कळलं की इथं बेलला आपल्यासारखे २३० व्होल्ट नसतातच. घरात १२० येतात आणि एक लहानसा ट्रान्सफॉर्मर त्याचे १६ करून बेलला देतो. सोळा व्होल्टला टेस्टर डोळाही उघडत नाही. (हे फोनवर सांगितलं तेव्हा ‘त्याला काय करंट म्हणत्यात व्हय?’ असं तुम्ही विचारलंत. यजमानांनी ते ऐकलंय.) तो ट्रान्सफॉर्मर कुठं आहे हे शोधण्यात अर्धा रविवार गेला. तळघराच्या छताला, बॉयलरच्या मागं, कोळिष्टकांत लपला होता. मेन पाडूनच हात घातला, काळजी नसावी.

आता कबुली. मी दोन घंटा सिरीजमध्ये जोडल्या. एकीतून निघून दुसरीत, वायर वाचते म्हणून. या घंटेत तारेच्या गुंडाळीत एक लोखंडी दांडी असते. बटण दाबलं की ती ओढली जाऊन एका पट्टीवर आपटते, टिंग. सोडलं की स्प्रिंग तिला मागं ढकलते, टाँग. सोळाचे आठ-आठ वाटले गेल्यावर दोन्ही दांड्या अर्ध्या वाटेत थांबल्या. वरच्या डब्यानं ‘टि’ म्हटलं, खालच्यानं तेही नाही. ‘बेल दोन तर पोटं दोन, पानं पण दोन वाढ’ हे तुमचं वाक्य त्या वेळी आठवलं, एक तास उशिरा.

मग पॅरलल. दारातून आलेली वायर दोन्ही डब्यांच्या ‘फ्रंट’ खुणेला, ट्रान्सफॉर्मरची दोन्हींच्या ‘ट्रान्स’ खुणेला. बटण दाबलं, दोन्ही घंटा दणक्यात वाजल्या आणि कॅमेरा मेला. मिनिटभरानं जिवंत झाला, पुन्हा दाबलं, पुन्हा मेला. आपलं साधं बटण म्हणजे नुसतं उघड-झाप, त्याला स्वतःला भूक नसते. ही नवी बाई चोवीस तास जागी असते आणि त्याच दोन वायरींतून, घंटेच्या गुंडाळीतून हळूहळू खात बसते. त्यात जुना ट्रान्सफॉर्मर १० व्हीएचा. पंगत वाढली आणि भात तेवढाच. ३०चा आणून बसवला तेव्हा कुठं सगळ्यांना पुरलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. रात्री आई वर आली आणि म्हणाली, तळघरात भुंगा शिरलाय. टॉर्च घेऊन सोफे सरकवले. भुंगा घंटेत होता. न दाबतासुद्धा कॅमेऱ्याचा खुराक गुंडाळीतून जात होता आणि दांडी जागच्या जागी थरथरत होती. बेलच्या खोक्यात एक काडेपेटीएवढी डबी उरली होती, तिचं काय करायचं ते मी वाचलंच नव्हतं. ती घंटेच्या दोन खुणांवर जोडायची, म्हणजे रोजचा खुराक गुंडाळीला वगळून बाहेरून जातो. पुणे-बेंगळूरचे ट्रक गावात न शिरता हायवेनं बाहेरून जातात तसं. वर एक डबी, खाली दुसरी मागवून लावली. भुंगा गेला.

आमच्या या गावाला एडिसनचं नाव आहे, १९५४ पासून. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथंच होती. पण माझ्या कामाचा माणूस निघाला जोसेफ हेन्री. त्यानं १८३१ मध्ये ऑल्बनीला मैलभर तारेच्या टोकाला विजेनं घंटा वाजवून दाखवली. पुढं तो आमच्या शेजारच्या प्रिन्स्टनला आला आणि प्रयोगशाळेतून घरापर्यंत तार ओढून बायकोला निरोप द्यायला लागला, जेवणाचेसुद्धा, असं सांगतात. काकू, यात काकांनी शिकण्यासारखं आहे. आईला मात्र दुसरी गोष्ट आवडली. दारावर कॅमेरा आणि आत पडदा, ही कल्पना न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सची. तिनं नवऱ्याबरोबर १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. ‘वेळी-अवेळी कोण दार वाजवतं ते उघडण्याआधी बघावंसं बाईमाणसालाच वाटणार,’ आई म्हणाली.

आता घंटा खाली वाजते, मधे वाजते, माझ्या आणि यांच्या मोबाइलवर वाजते. आई तळघरातून टॅबवर बघते आणि बोलायचं बटण दाबून विचारते, ‘यार्री? कोण हाय?’ कानडी आणि मराठी, दोन्ही भाषांत, एका दमात. जन्मभराची सवय आहे. निपाणीचं घर कर्नाटकात आणि माझं देवचंद कॉलेज हाकेच्या अंतरावर अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. आपल्याकडे दारात उभा असलेला माणूस कुठल्या भाषेचा हे आधी कसं कळणार? इथल्या पोस्टमनला दोन्ही कळत नाहीत, पण तो आता ‘यार्री’ला हात हलवतो.

राहिला तुमचा मोबाइल. दिवाळीत आलो होतो तेव्हा आमचं अंगण दिसावं म्हणून यांनी त्यावर अ‍ॅप घातलं होतं. नवी बेल त्याच अ‍ॅपात आली आणि घरच्या माणसांत तुम्हीही होतात. म्हणजे मी दोन घंटा जोडायला गेले आणि तिसरी निपाणीत लागली, तीही बिनावायरीची.

बंद करायची असेल तर अ‍ॅपमध्ये घंटेच्या चित्रावर बोट दाबायचं, ते खोडलेलं दिसेल. पण आई म्हणते, बंद करायला सांगू नकोस. दुपारी तिचा डोळा लागला आणि मी मीटिंगमध्ये असले, तर भाऊजी तरी विचारतील, ‘यार्री?’

तुमची,
स्टूल धरणारी