शहाण्यांच्या कारखान्यातला वेडा

प्रत्येक कारखान्यात एक वेडा असतो. वेल्डिंग सुरू करण्याआधी तो गॅस मोजायला सांगतो, आणि 'अर्ध्या तासापूर्वीच मोजलाय' म्हटलं तरी पुन्हा मोजायला लावतो. परमिटवर सही करण्याआधी स्वतः जागेवर जाऊन बघतो. सॉल्व्हंटच्या भरलेल्या पिंपापेक्षा रिकाम्या पिंपाची त्याला जास्त भीती वाटते, कारण रिकाम्या पिंपात वाफ कोंडलेली असते. त्याच्यामुळे कामाला उशीर होतो, ठेकेदार वैतागतो, डिस्पॅचवाले फोनवर फोन करतात, आणि कॅन्टीनमध्ये त्याच्या बाकावर फारसं कुणी बसत नाही. या वेड्याची मला स्तुती करायची आहे, आणि ती जयपूरची आठवण काढून करायची आहे.

जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरच्या बाजूला सीतापुरा औद्योगिक वसाहत आहे. तिथे इंडियन ऑइलचं पेट्रोल, डिझेल, रॉकेल साठवण्याचं टर्मिनल होतं. 29 ऑक्टोबर 2009 चा गुरुवार. शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या डेपोला पाइपलाइनने पेट्रोल आणि रॉकेल सोडायचं होतं. हे नेहमीचं काम होतं, हाताला सवय झालेलं. अशाच कामात वेडा माणूस हवा असतो, कारण सवय झालेल्या हाताला थांबवणारं दुसरं कुणी नसतं.

टाकीकडून येणाऱ्या लाइनवर 'हॅमर ब्लाइंड' नावाची झडप होती. तिच्या आतली पोलादी तबकडी फिरवून लाइन बंद किंवा चालू करायची. ती फिरवताना झडप वरून उघडी असते, म्हणजे तेवढा वेळ लाइनला आभाळाकडे तोंड असतं. म्हणून क्रम ठरलेला असतो. टाकीकडची मोटरवर चालणारी झडप बंद आहे याची आधी खात्री करायची, मग तबकडी फिरवायची, झडप घट्ट करायची, आणि मोटरची झडप सगळ्यात शेवटी उघडायची. त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास हॅमर ब्लाइंड उघडं असतानाच मोटरची झडप उघडली गेली. टाकीभर पेट्रोलचा दाब त्या तोंडातून कारंज्यासारखा वर उसळला.

काम करणारा ऑपरेटर त्या वाफेत सापडला. त्याला ओढून काढायला दुसरा धावला, तोही वाफेने कोलमडला. त्यांच्यामागे तिसरा गेला. या माणसांबद्दल लिहिताना हात जड होतो. आपला जोडीदार पडलेला दिसल्यावर श्वासयंत्र शोधत कोण बसेल? आपल्याकडे धावणाऱ्याला मर्द म्हणतात आणि थांबणाऱ्याला भित्रा. पण पेट्रोलच्या वाफेला धैर्य कळत नाही. तिथे थांबून, मुखवटा चढवून, सिलिंडरची चावी उघडून मगच आत जाणारा माणूसच कुणाला तरी बाहेर आणू शकतो. हा सगळ्यात कठीण वेडेपणा आहे. तो आयत्या वेळी सुचत नाही. वर्षभर ड्रिल करून तो अंगात मुरवावा लागतो आणि यंत्र हाताच्या अंतरावर ठेवावं लागतं.

पुढे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिलं. सव्वा तास म्हणजे थोडाथोडका वेळ नव्हे. नियंत्रण कक्षात बसून ती मोटरची झडप बंद करता येईल अशी सोय तिथे मुळात होती, पण ती 2003 पासून निकामी होती. सहा वर्षं ते बटण कुणाला लागलं नाही, म्हणून ते कुणाला आठवलंही नाही. माझा वेडा इथे हवा होता. न लागणाऱ्या वस्तूच्या दुरुस्तीसाठी दर महिन्याच्या बैठकीत तोच विषय काढणारा, 'पुन्हा तेच का' असं ऐकून घेणारा, आणि तरीही पुढच्या महिन्यात तेच मांडणारा.

टाकीभोवतीच्या बांधाचा, म्हणजे डाईकचा, पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडा होता. सांडलेलं पेट्रोल तिथून पावसाच्या गटारांत शिरलं आणि आवारभर पसरलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर जात नाही. जमिनीलगत सरपटत ती खोलगट जागा, नाल्या, तळघरं शोधते. त्या संध्याकाळी वारा जवळजवळ नव्हता. सुमारे 1000 टन पेट्रोल बाहेर पडलं होतं. साडेसातच्या सुमारास त्या ढगाला कुठेतरी ठिणगी मिळाली. कार्यालयाच्या इमारतीतलं साधं विजेचं उपकरण, नाहीतर आवारात सुरू होणारी एखादी गाडी, असे दोन अंदाज चौकशीत मांडले गेले. साध्या वस्तूच ठिणगी देतात. म्हणून तर वेडा माणूस फाटकावर मोबाइल काढून घेतो आणि टँकरच्या सायलेन्सरला जाळी बसवल्याशिवाय गाडी आत सोडत नाही.

स्फोटाने दोन किलोमीटरपर्यंतच्या काचा फुटल्या. आवारातल्या 11 टाक्यांपैकी बहुतेक लगेच पेटल्या, उरलेल्या पाठोपाठ. आग विझवायची साधनंही त्याच स्फोटात गेली होती, त्यामुळे इंधन जळून संपू देण्याशिवाय मार्ग उरला नाही. सुमारे 60 हजार किलोलिटर इंधन जळालं. आग जवळपास 11 दिवस चालली, नुकसान 280 कोटींच्या घरात गेलं. एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने 11 मृत्यूंची नोंद केली. त्यांतले 6 टर्मिनलचे आणि 5 बाहेरचे होते. या पाच जणांनी ना झडप पाहिली होती, ना कुठल्या परमिटवर सही केली होती.

जयपूरच्या चारच वर्षं आधी, डिसेंबर 2005 मध्ये, इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत असंच घडलं होतं. टाकी ओसंडून वाहिली, पेट्रोलचा ढग झाला, स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून तिथे कुणी दगावलं नाही. त्या अपघाताची कारणं जगभर छापून आली होती. दुसऱ्याच्या अपघाताचा अहवाल रात्री घरी वाचत बसणारा आणि सकाळी 'आपल्याकडे हे कसं आहे?' म्हणून विचारणारा माणूसही वेड्यातच गणला जातो.

आपल्या मुंबईचीही आठवण आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी धूर दिसला, चारनंतर स्फोट झाले. आगीवर पाणी मारताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिलला पाळतात तो त्यांच्यासाठी. त्या दिवशी कारखान्यांत फलक लागतात, शपथा होतात, फोटो निघतात. माझी त्याला हरकत नाही. पण त्याच दिवशी बंद पडलेल्या एका तरी झडपेची दुरुस्ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

वेड्याच्या बाजूने कायदाही आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात 41-एच हे कलम घातलं गेलं. जिवाला तत्काळ धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या कानावर घालण्याचा हक्क त्याने कामगाराला दिला, आणि व्यवस्थापनावर लगेच उपाय करण्याचं बंधन घातलं. धोका आहे असं म्हणणाऱ्याला ऐकून घेणं ही साहेबांची मेहरबानी राहिली नाही. तरीही पाळीच्या शेवटच्या तासाला, गाड्या भरायच्या राहिल्या असताना, 'थांबा' हा शब्द उच्चारायला छाती लागते. बढतीच्या अर्जात या शब्दासाठी रकाना नसतो. टळलेला स्फोट दिसत नाही, त्याची बातमी होत नाही, त्यामुळे तो टाळणाऱ्याचं नाव कुठे लागत नाही. दिसतो तो फक्त उशीर.

कारखान्याच्या मालकांना, व्यवस्थापकांना आणि सुपरवायझरांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे बंद पडलेलं एखादं बटण, निकामी झालेला एखादा भोंगा, उघडा राहणारा एखादा व्हॉल्व्ह असेल, तर तो किती तारखेपासून तसा आहे हे आजच वहीत लिहा. आणि ज्याने तो आधी दाखवला होता त्याला बोलावून घ्या, त्याच्यासोबत जागेवर जा. उद्याची पाळी सुरू होण्याआधी जा.