नानांची जाळीची पिशवी

सुरतेच्या नवागाममधला साठीच्या आसपासचा कोणताही गडी घ्या, त्याला पोहता येतं. आणि ते तो जळगाव, धुळे नाहीतर नंदुरबारकडच्या एखाद्या विहिरीत शिकलेला असतो. साहित्य ठरलेलं. झाकण झाळून बंद केलेला तेलाचा रिकामा डबा, तो पाठीला बांधायला दोर, आणि दया कशाशी खातात हे ठाऊक नसलेला एक काका. डबा नसला तर वाळका भोपळा. भोपळाही नसला तर नुसता काका. मग ही माणसं लूमच्या खात्यांत कामाला म्हणून भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीने इकडे आली, उधना, डिंडोली, नवागाम अशी पसरली आणि पोहणं तिकडे विहिरीतच राहिलं. तापी तेवढी त्यांच्यासारखीच भुसावळवरून सुरतेला आली. पण दोन पाळ्या करणाऱ्या माणसाला नदीत डुंबायला सवड कुठली?

आमच्या शेजारचे नाना डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यातून निवृत्त झाले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पोहायला सांगितलं. दुसऱ्या कोणी पंचा खांद्यावर टाकून तलावाचा रस्ता धरला असता. नाना आधी पाहणी करून आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तिथं पोरांकडे जाळीच्या पिशव्या आहेत. आत काय काय असतं. आपल्यालाही ते सगळं लागेल."

पहिली खरेदी पिशवीचीच झाली. भाजीला निघाल्यासारखे नाना ती रिकामी पिशवी घेऊन माझ्याबरोबर दुकानात शिरले.

दुकानदाराने चड्डी ताणून दाखवली. "काका, प्युअर लायक्रा फील!" नानांनी कापड दोन बोटांत धरलं, चोळलं, उजेडाकडे नेलं. उभं आयुष्य ज्याने पॉलिएस्टरच्या घड्या घातल्या, त्याला कापड विकायला सुरतेत जिगर लागते. "यात पॉलिएस्टर किती?" त्यांनी विचारलं. दुकानदार गोंधळला. त्याच्या लेखी पॉलिएस्टर म्हणजे साडी. पण नानांचं बरोबर होतं. क्लोरीनच्या पाण्यात लायक्राचा ताण मरतो, चड्डी ढिली पडत जाते आणि एक दिवस सूर मारल्यावर ती मालकाच्या मागून पृष्ठभागावर येते. रोज सरावाला येणाऱ्याने पॉलिएस्टरचं कापड घ्यावं. ते कमी ताणतं, पण टिकतं. अर्धा हिंदुस्थान पॉलिएस्टर नेसतो तो सुरतेच्या जिवावर, आणि सुरतेतच ते मागून घ्यावं लागलं याचा नानांना आठवडाभर राग होता.

कापडाचं हे प्रकरण साधं नाही. 2009 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनचे अंगभर पोशाख घालून जलतरणपटूंनी 43 विश्वविक्रम मोडले, आणि 2010 सुरू होताच जागतिक संघटनेने ते पोशाख बंद केले. मी हे सांगितलं तेव्हा नाना अस्वस्थ झाले. "कापडावर बंदी? रिंग रोडच्या कापडवाल्यांना कळू देऊ नका. मार्केट बंद ठेवतील."

टोपीवरून वाद झाला. नानांच्या डोक्यावर केस नावापुरते, तरी टोपीशिवाय पाण्यात सोडायचं नाही असा नियम. "केस गळू नयेत म्हणून टोपी ना? मग माझे गळून झालेत!" हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. चालला नाही. लेटेक्सची टोपी स्वस्त, पण काढताना केस ओढते. सिलिकॉनची महाग, पण अलगद निघते. नानांनी सिलिकॉनची घेतली. उरलेल्यांची काळजी जास्त असते.

गॉगल निवडायची खरी परीक्षा आहे आणि ती फुकट आहे. पट्टा न लावता नुसते डोळ्यांवर दाबायचे. क्षणभर जरी चिकटून राहिले तर ते आपल्या चेहऱ्याचे. नानांनी मात्र रंग बघून घेतले, पाणी शिरलं की पट्टा आवळला, आणि डोळ्यांभोवती वर्तुळं घेऊन घरी आले. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून दिलेला थर त्यांनी पहिल्याच दिवशी पंचाने घासून स्वच्छ केला. मी त्यांना मायकेल फेल्प्सची गोष्ट सांगितली : 2008, बीजिंग, 200 मीटर बटरफ्लाय, गॉगलमध्ये पाणी भरलेलं, काही दिसत नाही, गडी हात मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन बाहेर आला. त्याच ऑलिंपिकला कोल्हापूरचा वीरधवल खाडे होता, हेही जोडून दिलं. नाना म्हणाले, "फेल्प्सच्या लेनमध्ये समोरून कोणी येत नव्हतं. इथं सहाच्या बॅचला येऊन बघ म्हणावं."

यानंतर पिशवीत जे येतं तिथे खरा घोळ आहे, आणि तो सोडवायला माझा भाचा आला. कॉलेजकडून स्पर्धांना उतरतो, त्यामुळे मोठ्यांना ओरडायचा परवाना मिळाल्यासारखा वागतो.

नानांनी पायांमध्ये पुल बॉय धरला होता. हा फोमचा ठोकळा मांड्यांत पकडायचा, पाय बंद ठेवायचे आणि नुसत्या हातांनी पोहायचं. ठोकळा पाय उचलून धरतो. तलावाच्या मध्यावरून नाना आनंदाने ओरडले, "दखा, मना पाय वर शेतस!" ते अहिराणीत गेले म्हणजे आनंद खरा असतो.

"ठोकळा काढा," भाचा म्हणाला.

काढला. पाय तळाकडे निघाले. नाना तिथल्या तिथे उभे.

"नाना, तुमची मान वर आहे म्हणून पाय खाली जातात. ठोकळ्याने ते झाकलं. मान पाण्यात घाला, पोट आवळा, मग ठोकळा घ्या, हातांचं काम बघायला."

किकबोर्डचंही तेच. फळी धरून, तोंड वर काढून, बातम्या वाचल्यासारखे पाय मारले की मान दुखते आणि कंबर बुडते. फळी धरलीच तर तोंड पाण्यात हवं. श्वास घ्यायचा तेव्हा वर. माझं स्वतःचं मत असं, की जे साहित्य घातल्यावर आपण लगेच छान पोहतो, त्याच्याकडे संशयाने बघावं, आणि जे घातल्यावर फजिती होते त्याचे पैसे आनंदाने द्यावेत.

हाताच्या पॅडलचं उदाहरण घ्या. ही युक्ती बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी काढली होती. चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या दोन लाकडी फळ्या, अंगठ्याला भोक. वेग वाढला, पण मनगटं भरून आली असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. महिधरपुऱ्याच्या हिरे बाजाराला हा फ्रँकलिन शंभर डॉलरच्या नोटेवरून चांगला परिचयाचा. पोहणारा म्हणून त्याला कोणी ओळखत नाही. नानांनी "मोठं घेतलं तर जोर जास्त" या हिशेबाने परातीएवढी पॅडल उचलली होती. भाच्याने ती परत करायला लावली. तळव्यापेक्षा जराच मोठी बस झाली, नाहीतर सगळा भार खांद्यावर येतो. वर मनगटाचा रबरी पट्टाही काढून टाकला, फक्त बोटाचा ठेवला. आता हात पाण्यात तिरका पडला की पॅडल निसटतं. पहिल्या दिवशी ते एवढ्या वेळा निसटलं की नानांचा अर्धा वेळ तळाशी गेला. श्वास रोखायचा सराव त्यात आपोआप झाला.

फिन्स त्यांनी स्वतः निवडल्या होत्या : लांबलचक, समुद्रातल्या पाणबुड्याच्या. त्या घालून वळताना शेजारच्या लेनमधले दोघे दचकून बाजूला झाले. तलावात सरावाला आखूड पात्याच्या बऱ्या. पाय नेहमीच्या लयीत हलतो आणि घोटा सैल व्हायला मदत होते. लांब फिन्स नानांच्या नातवाने गच्चीवर नेल्या.

नाना आता तलावावर जाणकार म्हणून ओळखले जातात. रोज पोहण्याआधी काठावर बसून ते नव्यांच्या पिशव्या तपासतात, चड्डीचं कापड दोन बोटांत धरतात, भल्या माणसांना अवघडवतात. परवा एका तरुणाने फार अदबीने विचारलं, "काका, फिन्स कोणत्या घेऊ?"

"आधी पाय मारून दाखव," नाना म्हणाले.

तो बिचारा पाण्यात न उतरता तिथेच, चप्पल काढून, एका पायावर उभा राहिला.