ऑप्शनला टाकलेलं इंजिनिअरिंग

पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगची दोन मुलं भेटली की आधी एकमेकांचा पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या सालचा ते, विचारतात. २०१२, २०१५, २०१९ की २०२४? लग्नाच्या बैठकीत गोत्र विचारतात तितक्याच गांभीर्याने. जुन्या पॅटर्नची केटी, म्हणजे नापास झालेला विषय, मागे राहिलेल्या मुलाशी मग कुणी फारसा संबंध ठेवत नाही, कारण त्याच्या नोट्स आता कुणाच्याच कामाच्या नसतात.

यातला २०१९ चा पॅटर्न आमचा विशेष लाडका. विषयाची सहा युनिटं. पहिल्या दोनांवर सेमिस्टरच्या मध्यात इन-सेम, मार्क ३०, वेळ एक तास. उरलेल्या चारांवर शेवटी एंड-सेम, मार्क ७०. म्हणजे इन-सेमचा पेपर देऊन वर्गाबाहेर पाऊल टाकलं, की पहिल्या दोन युनिटांशी आपला व्यवहार संपला. एम-थ्रीचं, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपराचंच बघा. पहिलं युनिट लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन्सचं, दुसरं ट्रान्सफॉर्मचं. पुढे सिग्नल, कंट्रोल वगैरे जे शिकायचं ते यांच्याच पायावर उभं असतं. पण ते पुढच्या सरांचं दुखणं.

टाइमटेबल लागलं की पहिला अभ्यास सरांचा. "सर, आयएमपी सांगा ना," असा आर्जवी सूर निघतो. सर बाणेदारपणे म्हणतात, "सगळंच आयएमपी आहे." पण फळा पुसता पुसता 'हे जरा बघून ठेवा' असं पुटपुटले, तर सेमिस्टरभर झोपलेला शेवटचा बाक पेन मागायला लागतो.

दुसरा अभ्यास जुन्या पेपरांचा. प्रश्न १ किंवा २, प्रश्न ३ किंवा ४. दोन्ही पर्याय एकाच युनिटातले. त्यामुळे प्रत्येक युनिटाचा नावडता भाग बिनघोर ऑप्शनला टाकता येतो. सहातली दोन युनिटं, त्यातलंही निम्मं, त्यातलंही गेल्या तीन पेपरांत आलेलं. अशा रीतीने पाचशे पानांचा ग्रंथ आटत आटत अकरा पानांवर येतो आणि ती अकरा पानं झेरॉक्सच्या दुकानात पोचतात.

या दुकानदाराला कॉलेजने खरं तर व्हिजिटिंग फॅकल्टी नेमायला हवं. रात्रीचे साडेनऊ, काउंटरवर वीस हात. "भाऊ, बॅक टू बॅक मारा, दोन पानं एकावर." भाऊ कागद बघतो आणि मान न वळवता सांगतो, "हे चौथं पान राहू दे. कॉम्पवाले सकाळपासून सातवं नेतायत." मुलं निमूट सातवं पान काढतात. सरांचं कधी इतकं ऐकलं नव्हतं. 'खिशात मावेल असं मायक्रो करू का?' हे मात्र तो फक्त ओळखीच्यांनाच विचारतो.

रात्री ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "झालं का रे कुणाचं?" सगळ्यांत आधी "काहीच नाही यार" लिहिणाऱ्याची दोन्ही युनिटं झालेली असतात. 'वन नाइट फाइट' म्हणतात ती बाकीच्यांची.

प्रत्यक्ष पेपरात हिशेब साधा: ६० मिनिटं, ३० मार्क, मार्काला दोन मिनिटं. विचार करायला तेवढ्यात सवड नसते आणि तो कुणी मागितलेलाही नसतो. उत्तर आठवलं तर लिहायचं. नाही आठवलं तर पट्टीने तीन चौकोन आखायचे, बाणांनी जोडायचे आणि खाली 'ब्लॉक डायग्राम' लिहून दोनदा अधोरेखित करायचं. रिकामं पान बघून परीक्षकाला वाईट वाटतं, चौकोन बघून मार्क सुटतात, अशी हॉस्टेलची पक्की श्रद्धा आहे. बाहेर आल्यावर "तुझं किती आलं?" होतं. चौघांची तीन उत्तरं. मग ज्या उत्तराला जास्त मतं, ते बरोबर.

मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कमीत कमी साहित्यात भार पेलेल असा पूल बांधायचा, हेच इंजिनिअरिंग. ते या मुलांइतकं कुणाला जमलंय? त्यांनी व्यवस्था नीट वाचली, पुस्तक वाचायची गरजच उरली नाही.

पॅटर्न बदलायची विद्यापीठाला हौस आहे, तेव्हा पुढचाही येईलच. तो बनवणाऱ्या मंडळींना एकच विनंती: शेवटच्या पेपरात पहिल्या दोन युनिटांवर दहा मार्कांचा एक प्रश्न ठेवा आणि कृपा करून त्याला ऑप्शन देऊ नका.