सिन्नरची गारगोटी, पुण्याची पूड

नाशिकच्या माणसाला दगडाचं कौतुक नसतं. असायचं कशाला? घराचा पाया घ्यावा तर काळा पाषाण, विहिरीला सुरुंग लावावा तर काळा पाषाण, पांडवलेणीला जावं तर अख्खा डोंगर काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर ओतून निसर्गाने हा मुलूख बांधला, आणि बांधताना आत वायूचे बुडबुडे तसेच राहू दिले. एखाद्या ठेकेदाराने स्लॅबमध्ये अशा पोकळ्या ठेवल्या असत्या तर आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. इथे मात्र सगळी श्रीमंती त्या पोकळ्यांतच आहे.

पुढे त्या पोकळ्यांमध्ये गरम पाणी झिरपलं. येताना ते खडकातलं सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम विरघळवून घेऊन आलं आणि निवांतपणे तिथे ठेवून गेलं. त्याला ना टेंडर होतं, ना मुदत. त्यातून झालेले स्फटिक पाहायचे तर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘गारगोटी’ या खनिज संग्रहालयात जावं. नटूनथटून आलेली मंडळी काचेमागे बसलेली दिसतात: पीचच्या रंगाचा स्टिल्बाइट, मोत्यासारखी चकाकी असलेला ह्युलँडाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट यांच्या केसासारख्या बारीक सुया. ही सगळी झिओलाइट कुळातली. मधूनच एखादा हिरवा अपोफिलाइट जास्तच भाव खाऊन जातो; पण तो या कुळातला नव्हे, नुसता शेजारी.

याच कुळाची एक कष्टकरी शाखा पुण्याला, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, वर्षानुवर्षं राबते आहे. तिला भेटायला गेलात तर हिरमोड होईल. बाटलीच्या तळाशी पांढरी पूड, एवढंच दर्शन. ना रंग, ना चमक. पण रसायनशास्त्रज्ञाचा जीव अडकलेला असतो तो या पुडीत, सिन्नरच्या सुंदरींत नव्हे.

कारण झिओलाइटचं खरं वैभव बाहेरून दिसतच नाही. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात आरपार गेलेले मार्ग असतात, मीटरच्या एक अब्जांश भागाहूनही अरुंद. जुन्या नाशकातल्या बोळांतून जो गेला आहे त्याला पुढचं सांगायला नको. अंग चोरून सरळ जाणारा पार होतो. कोपर बाहेर काढून चालणारा अडकतो आणि मागच्यांनाही अडकवतो. पॅरा-झायलीन नावाच्या रेणूचे दोन हात बरोबर समोरासमोर असतात, म्हणून तो सुळकन निघून जातो. मेटा आणि ऑर्थो ही त्याची भावंडं हात वेडेवाकडे पसरून बसतात. शिवाय बोळाच्या भिंती आम्लधर्मी असतात, त्यामुळे आत शिरलेल्या रेणूचे हात जागा बदलू शकतात. ऐंशीच्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात घडवलेला ‘एन्सिलाइट’ हा उत्प्रेरक बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या कारखान्यात झायलीनसाठीच कामाला लागला. पॅरा-झायलीनपासून पुढे पॉलिएस्टर होतं. येवल्याची पैठणी लग्नात मिरवते खरी, पण दुसऱ्या दिवसापासून भांडी घासायला आणि बस पकडायला अंगावर असतं ते पॉलिएस्टरच. झिओलाइटांच्या दोन शाखांत मला हाच भेद दिसतो.

आता गंमत ऐका. स्फटिकाच्या वाढीवर संशोधन करणारी माणसं, निदान या क्षेत्रात, बराच वेळ तो वाढू नये म्हणून झटत असतात! स्फटिक मोठा झाला की आतला रस्ता लांबतो, रेणू मध्येच रेंगाळतात आणि तिथेच काजळी धरून रस्ता बुजतो. म्हणून २००९ मध्ये कोरियातल्या र्योंग र्यू यांच्या गटाने झेडएसएम-५ या प्रसिद्ध झिओलाइटचे जेमतेम दोन नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे करून दाखवले. सिन्नरला वितीएवढा स्फटिक दिसला की आपण ‘अहाहा’ म्हणतो. हे लोक डोक्याला हात लावतील.

बरं, झिओलाइट नेमका वाढतो कसा, हे तरी पक्कं ठाऊक आहे का? कृती सोपी वाटते: सिलिका, कॉस्टिक सोडा, एखादं सेंद्रिय संयुग, पोलादी बंद भांडं, दीडशे अंशांच्या आसपास उष्णता आणि काही तास किंवा काही दिवस. झाकण उघडलं की पूड तयार. आत काय घडलं ते भांड्यालाच ठाऊक. २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या जेफ्री रायमर यांच्या गटाने पृष्ठभाग चाचपून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची सुई त्या गरम, दाहक द्रावात बुडवून वाढता पृष्ठभाग चालू स्थितीत पाहिला. तेव्हा दिसलं की सुटे रेणू एकेक करून चिकटतात हे खरं, पण त्यांच्याबरोबर नॅनोकणांचे ओबडधोबड गोळेही येऊन बसतात आणि मग शिस्तीत येतात. दोन्ही प्रकार एकाच वेळी. पाठ्यपुस्तकाला एवढी ढिलाई खपत नाही, स्फटिकाला खपते.

आणि निसर्गाने सगळं आधीच करून ठेवलंय, असं म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद. झेडएसएम-५ चं पेटंट १९७२ चं. त्याचा नैसर्गिक भाऊबंद म्युटिनाइट सापडला १९९७ मध्ये, तोही अंटार्क्टिकात. इथे कारखाना आधी आणि खाण मागाहून.

मला विचाराल तर सिन्नरचा वितीएवढा स्फटिक आणि पुण्याची पूड यांत थोरला कोण हे ठरवत बसू नये. मात्र पूड पुन्हा करता येते. पोकळीतला स्फटिक एकदा फुटला की त्याची खडीच होते. तेव्हा विहीर खणताना, पाया घेताना किंवा खाणीत पहारीखाली अचानक पोकळ आवाज आला आणि आत काही लकाकलं, तर मंडळी, घण जरा थांबवा. आधी कुणा जाणत्याला बोलवा. विहिरीचं पाणी चार दिवस उशिरा लागलं तरी चालेल.